युरोपियन हेडलाइट बसवूनही रात्री रस्ता का दिसत नाही? जुन्या स्पोर्ट्स गाड्यांमधील नेहमीची अडचण आणि तिचे निवारण

जुन्या स्पोर्ट्स गाड्या बाळगणाऱ्यांकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. गाडी १९६० किंवा १९७० च्या दशकातली, मूळची अमेरिकेत विकली गेलेली असते. तिच्यातले सीलबंद अमेरिकन दिवे काढून मालकाने एच-४ या हॅलोजन बल्बचे युरोपियन दिवे बसवलेले असतात. आणि एवढा खर्च करूनही एकतर उजेड पूर्वीसारखाच पिवळट आणि अपुरा राहतो, किंवा समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक गाडीवाला अप्पर मारून नाराजी दाखवतो. काहींच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी एकदम येतात. मग बल्ब बदलले जातात, पुढे आणखी महागडे बल्ब आणले जातात, आणि काही आठवड्यांनी तक्रार होती तिथेच येते.

माझ्याकडे न्यू जर्सीत एमजीबी ही १९७२ ची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे आणि तिच्यावर मी या दोन्ही तक्रारी अनुभवल्या आहेत. त्यातून आणि मित्रांच्या गाड्या तपासताना माझे मत असे झाले आहे की, अशा वेळी दिवा स्वतः क्वचितच बिघडलेला असतो. तो चुकीच्या बाजूच्या रस्त्यासाठी बनवलेला असतो, किंवा त्याचा झोत अमेरिकन पद्धतीने लावलेला असतो, किंवा त्याच्यापर्यंत पुरेसा व्होल्टेज पोहोचतच नसतो. तपासणी याच क्रमाने करावी, कारण पहिल्या कामाला फक्त डोळे लागतात, दुसऱ्याला एक भिंत आणि तिसऱ्याला मल्टिमीटर.

त्याआधी हे दोन दिवे मुळात वेगळे का आहेत, ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण निम्म्या चुका या फरकाच्या अज्ञानातून होतात. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलपासून ७ इंची गोल सीलबंद दिवा सर्वत्र आला. त्यात काच, परावर्तक आणि फिलामेंट हे सारे एकाच काचेच्या भांड्यात कायमचे बंद असते. फिलामेंट तुटले की अख्खा दिवा बदलायचा. या व्यवस्थेची एक बाजू खरोखर चांगली होती, आणि ती युरोपियन दिव्यांचे चाहते सहसा सांगत नाहीत: परावर्तकाला हवा आणि ओल लागत नसल्याने तो कधी काळवंडत नसे, आणि दर वेळी दिव्याबरोबर नवा परावर्तक मिळत असे. मात्र नियमांनी आकार आणि तेजाची मर्यादा घट्ट बांधून ठेवल्यामुळे पुढची अनेक दशके त्यात फारशी सुधारणा झाली नाही. अप्परच्या एकूण तेजावर ७५,००० कँडेलाची मर्यादा होती, ती १९७८ मध्ये १,५०,००० पर्यंत वाढवली गेली. बदलता येणारा बल्ब असलेल्या हेडलाइटला परवानगी मिळायला १९८० चे दशक उजाडले.

युरोपात दिवा, परावर्तक आणि बल्ब वेगवेगळे राहिले, त्यामुळे बल्बात सुधारणा होत गेली. हॅलोजनचा एच-१ बल्ब १९६२ मध्ये आला आणि अप्पर व डिपर ही दोन्ही फिलामेंट एकत्र असलेला एच-४ बल्ब १९७१ मध्ये आला. एच-४ बल्ब हातात घेऊन पाहिला, तर डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक लहानशी वाटी दिसते. डिपरचा सगळा स्वभाव या वाटीत आहे. ती परावर्तकाच्या खालच्या भागाकडे जाणारा प्रकाश अडवते, आणि त्यामुळे झोताच्या वरच्या बाजूला एक स्पष्ट कड तयार होते: खाली लख्ख उजेड, वर जवळजवळ अंधार. वाटीची एक बाजू किंचित कापलेली असल्यामुळे ही कड रस्त्याच्या कडेच्या दिशेने सुमारे १५ अंशांनी वर चढते, म्हणजे पायी चालणारा माणूस आणि फलक दिसावेत. जुन्या अमेरिकन सीलबंद दिव्यात अशी वाटी नसते. त्याच्या डिपरचा झोत पसरट असतो, त्याला ठळक कड नसते, आणि बराचसा प्रकाश क्षितिजाच्या वर जातो. हायवेवरचे डोक्यावरून जाणारे फलक त्यामुळे वाचता येतात, पण पाऊस, बर्फ आणि धुक्यात तोच वर गेलेला प्रकाश पांढऱ्या पडद्यासारखा डोळ्यांसमोर उभा राहतो.

महाराष्ट्रात ज्यांनी ॲम्बॅसेडर किंवा पद्मिनी पाहिली आहे, त्यांना हेडलाइटच्या वरच्या भागावर लावलेला काळा रंग आठवत असेल. समोरच्याचे डोळे दिपू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. तो काळा ठिपका काचेतून बाहेर पडणारा प्रकाश कमी करत असे, पण झोताला कड देऊ शकत नसे, कारण कड बनते ती बल्बाच्या आत, फिलामेंटच्या अगदी जवळ. त्यामुळे युरोपियन दिवा बसवल्यावर समोरच्यांना त्रास होतो म्हणून काचेवर पट्टी चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. कारण शोधावे.

पहिली तपासणी काचेवरची. युरोपियन मान्यतेच्या दिव्यावर वर्तुळात ई हे अक्षर आणि एक आकडा असतो. आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा असतो, जसे १ म्हणजे जर्मनी, २ म्हणजे फ्रान्स, ११ म्हणजे ब्रिटन. या खुणेच्या आसपास आडवा बाण आहे का, ते बारकाईने पाहावे. बाण नसेल तर दिवा उजव्या बाजूने वाहतूक असणाऱ्या देशांसाठी आहे, म्हणजे अमेरिका आणि युरोप खंडात चालणारा. दिव्यासमोर उभे राहून पाहणाऱ्याच्या उजवीकडे रोखलेला एकच बाण असेल, तर तो ब्रिटन किंवा भारतासारख्या डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी आहे. दोन्हीकडे टोके असलेला बाण म्हणजे दोन्हीकडे चालणारा दिवा. ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या बाबतीत ही चूक फार होते, कारण त्यांचे सुटे भाग ब्रिटनमधून मागवले जातात, आणि ७ इंची एच-४ दिवा हा तर भारतातही सर्रास मिळणारा, स्वस्त भाग आहे. असा डाव्या बाजूचा दिवा न्यू जर्सीच्या रस्त्यावर लावला, की १५ अंशांनी चढणारी कड रस्त्याच्या कडेला जाण्याऐवजी थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जाते. झोत कितीही खाली केला तरी हा दोष जात नाही. झोत खाली करून आपलाच रस्ता अंधारात जातो. माझ्या गाडीवर आधीच्या मालकाने बसवलेले दिवे नेमके असेच होते आणि तो बाण माझ्या लक्षात यायला दोन हिवाळे गेले. यावर उपाय एकच: योग्य बाजूचे दिवे घेणे.

काचेवर ई ऐवजी फक्त डीओटी (अमेरिकन वाहतूक खात्याची खूण) ही अक्षरे आणि २ किंवा २-डी-१ असा आकडा असेल, काचेच्या पुढच्या पृष्ठभागावर तीन लहान उंचवटे असतील, तर दिवा अमेरिकन आहे. ते उंचवटे झोत लावण्याचे यांत्रिक उपकरण टेकवण्यासाठी असतात. आणि येथूनच दुसरी चूक सुरू होते.

अमेरिकन सीलबंद दिव्याचा डिपर भिंतीवर लावताना सर्वांत तेजस्वी भागाची वरची कड दिव्याच्या मध्याच्या उंचीवर आणि डावी कड दिव्याच्या मध्यरेषेवर ठेवतात. झोताला ठळक कड नसल्यामुळे ही पद्धत त्या दिव्याला योग्यच आहे. पण अनेक ठिकाणी एच-४ दिवाही याच सवयीने लावला जातो, म्हणजे त्याची कड दिव्याच्या मध्याच्या उंचीवर ठेवली जाते. एच-४ मध्ये कडेच्या लगेच खालीच सर्वांत जास्त प्रकाश असतो, आणि कड क्षितिजाला समांतर राहिली तर ती रस्त्याला कधीच मिळत नाही. ती समोरच्या गाडीपर्यंत तशीच जाते. एच-४ ची कड साधारण एक टक्क्याने खाली उतरली पाहिजे. भिंत २५ फुटांवर, म्हणजे सुमारे ७.६ मीटरवर असेल, तर कडेचा सपाट भाग दिव्याच्या मध्यापेक्षा ७.६ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर ३ इंच खाली दिसला पाहिजे, आणि जिथून कड वर चढू लागते तो कोपरा दिव्याच्या मध्याच्या थेट समोर असला पाहिजे. दिवा जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच असेल, तर या हिशेबाने कड सुमारे ६० मीटरवर रस्त्याला टेकते. घाबरून दोन टक्के उतार दिला तर तेच अंतर ३० मीटरवर येते, आणि मग मालक म्हणतो की युरोपियन दिव्यात काही अर्थ नाही.

भिंतीसमोर गाडी नेण्यापूर्वी जमीन खरोखर सपाट आहे, टायरमध्ये योग्य हवा आहे, आणि चालकाच्या जागी माणूस किंवा तेवढे वजन आहे, एवढे पाहावे. त्याहून महत्त्वाची आहे मागची स्प्रिंग. एमजीबीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ९१ इंच, म्हणजे २३१ सेंटिमीटर आहे. पन्नास वर्षांच्या मागच्या पाट्या फक्त २ सेंटिमीटर बसल्या, तरी गाडीचे नाक जवळजवळ ०.९ टक्क्याने वर उचलले जाते. म्हणजे भिंतीवर काळजीपूर्वक दिलेला एक टक्क्याचा उतार जवळजवळ सगळा संपतो. झोत लावून घेतल्यानंतर पाट्या बदलल्या, गाडी खाली उतरवली किंवा डिकीत सामान भरून लांबच्या प्रवासाला निघालो, की तक्रार परत येते ती यामुळे. आधी स्प्रिंग ठीक करावी आणि मगच झोत लावावा. फिरवायचे स्क्रू गंजलेले असतील तर आदल्या रात्री त्यांना गंज सोडवणारे तेल लावून ठेवावे, कारण तुटलेला स्क्रू काढण्यात दिव्याचा डबा हमखास खराब होतो.

आता मंद उजेडाकडे वळू. माझ्या मते हाच या विषयाचा गाभा आहे. अमेरिकेत फार चाललेला ७ इंची हॅलोजन सीलबंद दिवा अप्परला ६५ आणि डिपरला ३५ वॅटचा होता. त्या जागी ६०/५५ वॅटचा एच-४ बसवला, की अप्परचा विद्युतप्रवाह साधारण तेवढाच राहतो, पण डिपरचा दोन दिव्यांचा मिळून सुमारे साडेपाच अँपिअरवरून नऊ-दहा अँपिअरवर जातो. हा सगळा प्रवाह एमजीबीसारख्या गाडीत रिलेशिवाय (रिले म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), थेट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून, तिथून अप्पर-डिपरच्या स्विचमधून आणि मग गोळीच्या आकाराच्या जुन्या जोडण्यांमधून रेडिएटरच्या पुढे येतो. तारेचा आणि जोडण्यांचा रोध तोच असताना प्रवाह जवळजवळ दुप्पट झाला, तर वाटेत हरवणारा व्होल्टेजही जवळजवळ दुप्पट होतो. फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने कमी होतो. तो ढोबळमानाने व्होल्टेजच्या ३.४ व्या घातानुसार बदलतो. बल्बाची चाचणी १३.२ व्होल्टवर होते असे धरले, तर १२ व्होल्टवर सुमारे ७२ टक्के, ११.५ व्होल्टवर सुमारे ६३ टक्के आणि १०.५ व्होल्टवर निम्म्याहूनही कमी प्रकाश उरतो, आणि जो उरतो तो पिवळा असतो.

मोजणी अशी करावी. इंजिन साधारण १,५०० ते २,००० फेऱ्यांवर चालू ठेवून डिपर लावावा आणि आधी बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज पाहावा, तो १३.८ ते १४.२ च्या आसपास हवा. तो कमी असेल तर दोष चार्जिंगमध्ये आहे आणि दिव्यांच्या मागे लागू नये. १९६८ पूर्वीच्या एमजीबीत अल्टरनेटर नसून २२ अँपिअरचा डायनामो आहे, आणि इंजिन संथ असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. त्यामुळे सिग्नलला दिवे मंद होणे हा तिथे दोष नाही. बॅटरी ठीक असेल तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरे दिव्यामागच्या डिपरच्या तारेवर ठेवावे, दिवा पेटलेलाच असावा. मीटर जो आकडा दाखवेल तो वाटेत हरवलेला व्होल्टेज. मग तसेच दिव्याची काळी अर्थची, म्हणजे प्रवाहाच्या परतीची, तार आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यामध्ये मोजावे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तारांचे रंग ठरलेले आहेत: डिपर निळी-लाल, अप्पर निळी-पांढरी, अर्थ काळी. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते, तेव्हा तिथे दोन्ही मोजण्या उलट समजून घ्याव्यात.

माझ्या गाडीत बॅटरीवर १३.९ आणि दिव्यावर ११.४ व्होल्ट मिळाले, म्हणजे अडीच व्होल्ट हरवत होते, त्यांपैकी १.६ पुरवठ्याच्या बाजूला आणि ०.९ अर्थच्या बाजूला. अर्थकडे कोणी पाहत नाही, म्हणून हा दुसरा आकडा मी मुद्दाम सांगतो. दोन्ही बाजू मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असावे, असे मी धरतो. अर्थची जोडणी सोडवून, गंज आणि रंग घासून चकचकीत धातू उघडा करून, पुन्हा घट्ट बसवून वर ग्रीस लावले, एवढ्यानेच त्या बाजूचा आकडा ०.२ वर आला.

अर्थ पूर्णपणे तुटली असेल तर तिची ओळख वेगळीच असते. डिपर लावल्यावर एका बाजूचा दिवा अगदी मंद, काजव्यासारखा जळतो आणि डॅशबोर्डवर अप्परचा निळा दिवा अर्धवट पेटतो. प्रवाहाला परतीची वाट न मिळाल्याने तो त्याच बल्बाच्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि दुसऱ्या दिव्याच्या अप्परमधून अर्थ शोधतो. हे लक्षण दिसले की बल्ब, फ्यूज, स्विच काहीही बदलू नये. सरळ मंद दिव्याची काळी तार तपासावी.

पुरवठ्याच्या बाजूचा खरा उपाय रिले हाच आहे. अप्पर आणि डिपरला एकेक, असे दोन रिले रेडिएटरजवळ कोरड्या जागी बसवावेत. ३० क्रमांकाच्या टोकाला अल्टरनेटर किंवा बॅटरीकडून जाड, किमान २.५ चौरस मिलिमीटरची तार फ्यूजमधून आणावी, ८७ वरून दिव्यांकडे न्यावी, ८६ ला जुनी डिपर किंवा अप्परची तार आणि ८५ ला अर्थ द्यावी. जुन्या स्विचमधून मग रिलेच्या गुंडाळीपुरता, अँपिअरच्या अंशाइतकाच प्रवाह जातो, आणि न मिळणारा जुना स्विचही वाचतो. दोन्ही दिव्यांना मिळून एकच फ्यूज मात्र लावू नये. वळणावर तो उडाला तर दोन्ही दिवे एकदम जातात. डाव्या-उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज द्यावा. डॅटसन २४०-झेड असणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी, कारण तिच्यात अप्पर-डिपरचा स्विच अर्थच्या बाजूला असतो. त्यामुळे बाजारातला सर्वसाधारण रिले संच तिला जसाच्या तसा चालत नाही.

भारतात पूर्वी सगळीकडे दिसणारा १०० किंवा ९० वॅटचा बल्ब हा उपाय नव्हे. जुन्या तारांवर तो आणखी व्होल्टेज हरवतो, होल्डर वितळवतो, आणि बहुतेक देशांत रस्त्यावर त्याला मान्यताही नाही. काही अमेरिकन गाड्यांच्या लाइट स्विचमध्ये तापल्यावर आपोआप तुटणारा आणि गार झाल्यावर जोडला जाणारा ब्रेकर असतो. अशा गाडीत जास्त वॅटचे बल्ब लावले, की दहा-पंधरा मिनिटांनी दिवे आपोआप जातात आणि परत येतात. हा विचित्र वाटणारा दोष एवढ्याच कारणाने येतो. एच-४ च्या जागी बसणाऱ्या एलईडीबद्दलही मी सावधच राहीन: परावर्तक आणि काच एका बारीक फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेले असतात, आणि प्रकाशाचा उगम थोडा सरकला तरी कड विस्कटते.

सगळे ठीक असूनही एकाच बाजूचा झोत विस्कटलेला दिसला, तर बल्ब बाहेर काढून त्याच्या तळाचे तिन्ही कान खाचांमध्ये नीट बसले होते का, ते पाहावे. परावर्तक काळवंडला असेल तर तो पुसू नये. त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की कापडाबरोबर निघून येतो. मागचे रबरी आवरण फाटले असेल तर ते मात्र लगेच बदलावे, कारण ओल तिथूनच आत येते.

हीच अडचण उलट दिशेनेही येते. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या हवेत टिकलेल्या पोर्श ९११ आणि एमजीबी ब्रिटन आणि युरोपात परत नेल्या जातात. अमेरिकन डिपर उजव्या कडेकडे झुकलेला असतो, म्हणून ब्रिटनमध्ये तो थेट समोरच्यावर पडतो. तिथे बाण असलेला, डाव्या बाजूचाच दिवा हवा. ९११ मध्ये काच आणि कडे मिळून एकच जोडणी असल्याने संपूर्ण दिवा बदलावा लागतो. एमजीबीत आतली ७ इंची काच-परावर्तकाची जोडी बदलली की काम होते. अमेरिकेत फक्त ई खूण असलेल्या दिव्याला संघराज्याच्या नियमांप्रमाणे मान्यता नाही आणि तपासणीचा कडकपणा राज्याराज्यांत वेगळा आहे, म्हणून काढलेले सीलबंद दिवे टाकून न देता कापडात गुंडाळून, डावा-उजवा लिहून ठेवावेत. मी माझे गॅरेजच्या फळीवर ठेवले आहेत.